पुन्हा बाप्तिस्मा घ्यायचा का? एका निवृत्त पाळकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय. मुलगी नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातली, घराणं चार पिढ्यांचं मिशनचं, आता सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचं. तीन महिन्यांची असताना डोक्यावर पाणी शिंपडून तिचा बाप्तिस्मा झाला. सध्या पुण्यात नोकरी करते आणि रविवारी मैत्रिणींबरोबर एका पेंटेकॉस्टल (पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पंथाच्या) फेलोशिपला जाते. लग्न ठरतंय वसईच्या कॅथलिक मुलाशी. मैत्रिणी म्हणतात, लहानपणी शिंपडलं तो बाप्तिस्माच नव्हे, आधी बुडून घे. आणि तो मुलगा तर मूर्तिपूजक. होणाऱ्या सासूबाई म्हणतात, मूळ मंडळी (चर्च) आमची, बाकीचे सगळे फुटून निघालेले. घरी आजी म्हणते, दोन्हीकडचे चुकलेत. "मग खरा ख्रिस्ती कोण? आणि मी पुन्हा बाप्तिस्मा घेऊ का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे म्हणून ते आधी देतो. घेऊ नकोस. तुझा बाप्तिस्मा झालेला आहे, त्यात काही कमी पडलेलं नाही, आणि वरून आणखी पाणी ओतल्यानं तो जास्त पक्का होणार नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र वेळ लागेल. मी चाळीस वर्षं चर्चचं पाळकपण केलं आणि त्यातली बरीच वर्षं या प्रश्नाचं उत्तर चुकीचं देत होतो. तेही ओघात सांगतो.

आधी शब्दाचं बघू. नव्या करारात 'ख्रिस्ती' हा शब्द सगळा मिळून तीनदा येतो. प्रेषितांच्या कृत्यांत दोनदा, पेत्राच्या पहिल्या पत्रात एकदा. शिष्यांना हे नाव अंत्युखिया शहरात पडलं. त्यांनी ते स्वतःहून लावून घेतलेलं दिसत नाही; गावानं पाडलेलं दिसतं, जसं आपल्याकडे एखाद्या वस्तीला लोक नाव पाडतात. दुसऱ्यांदा तो अग्रिप्पा राजाच्या तोंडी आहे, अर्धवट चेष्टेत. तिसऱ्यांदा पेत्र सांगतो की ख्रिस्ती म्हणून सोसावं लागलं तर लाजू नका. 'खरा ख्रिस्ती' हा जोड कुठेच नाही. 'खरा' नंतर आला, आणि बहुतेक वेळा आला तेव्हा कोणाला तरी दाराबाहेर काढायचं चाललं होतं.

तुझ्या मैत्रिणींना वाटतं हा वाद आपल्या काळातला आहे. तो साडेसतराशे वर्षांहून जुना आहे. तिसऱ्या शतकात उत्तर आफ्रिकेत, कार्थेजला, सिप्रियन नावाचे बिशप होते. मोठा माणूस, पुढे 258 साली श्रद्धेपायी त्यांचं मस्तक उडवलं. त्यांचं म्हणणं असं की मंडळीतून फुटून गेलेल्यांनी दिलेला बाप्तिस्मा बाप्तिस्मा नव्हेच. तिकडून कोणी आपल्यात आला तर त्याला पाणी द्यायला हवं. रोमचे बिशप स्तेफन यांनी उलट सांगितलं: डोक्यावर हात ठेवून घ्या आत, पाणी परत नको. दोघांचं चांगलंच वाजलं. आज दोघांनाही संत म्हणतात, हा भाग वेगळा.

खरी कसोटी पुढे लागली. 303 साली सम्राट डायोक्लेशनने फर्मान काढलं की ख्रिस्ती लोकांची पुस्तकं जप्त करून जाळा. काही बिशपांनी जीव वाचवायला पवित्र शास्त्राच्या प्रती शिपायांच्या हवाली केल्या. काहींनी चलाखी केली. एकाने म्हणे औषधपाण्याची पुस्तकं काढून दिली आणि शिपाई ती घेऊन गेले. काहींनी काहीच दिलं नाही आणि प्राण दिले. छळ थांबल्यावर हिशेब सुरू झाला. कार्थेजला नवा बिशप नेमला, तर एक गट म्हणाला, ह्याच्यावर ज्यांनी हात ठेवले त्यांतल्या एकाने पुस्तकं दिली होती; म्हणजे ह्याची दीक्षा खोटी, म्हणजे हा जो बाप्तिस्मा देईल तोही खोटा. हे डोनाटिस्ट. खरी, शुद्ध मंडळी तेवढी आमची, असं म्हणत ते दुसऱ्यांकडून आलेल्यांना पुन्हा बाप्तिस्मा देत. शंभर वर्षांवर हे चाललं. गावोगाव दोन-दोन बिशप, समोरासमोर दोन मंडळ्या. नगरकडच्या एखाद्या गावात जा, आजही चित्र तेच दिसेल, फक्त तेव्हा लाउडस्पीकर नव्हते.

314 साली आर्ल येथे बिशपांची सभा भरली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा झाला असेल तर पुन्हा द्यायचा नाही, असं तिथं ठरलं. पुढे हिप्पोचे बिशप ऑगस्टीन यांनी त्यामागचं कारण उलगडून सांगितलं. त्यांचं म्हणणं माझ्या शब्दांत असं: पेत्र बाप्तिस्मा देतो तेव्हा देणारा ख्रिस्तच असतो, आणि येशूला धरून देणारा यहूदा देतो तेव्हाही देणारा ख्रिस्तच असतो. पाणी ओतणाऱ्याचा हात स्वच्छ आहे का, हे बघत बसलो तर जगात एकाचाही बाप्तिस्मा खात्रीचा राहणार नाही. तुझ्या डोक्यावर ज्या पाळकाने पाणी शिंपडलं तो कसा होता, त्याचं तारण (पापातून सुटका) झालं होतं का, तो विडी ओढायचा का, याच्याशी तुझ्या बाप्तिस्म्याचा संबंध नाही. माझ्यासारख्याला या शिकवणीचा मोठा आधार आहे. मी किती जणांना बाप्तिस्मा दिला आणि त्या सकाळी माझं मन कुठे कुठे होतं, ते मला ठाऊक आहे.

पण ऑगस्टीनबाबांचं पुढचंही सांगायला हवं. हेच ऑगस्टीन नंतर म्हणाले की डोनाटिस्टांना सरकारी बळ वापरून परत आणलं तरी चालेल. बाप्तिस्म्याबद्दल त्यांचं बरोबर होतं, माणसांबद्दल चुकलं. हीच गोष्ट उलट्या बाजूने झ्युरिकला घडली. 1525 साली तिथं काही जण म्हणू लागले की बाप्तिस्मा समजत्या वयातच हवा, आणि त्यांनी एकमेकांना तो दिला. ते तुझ्या मैत्रिणींचे पूर्वज म्हण. 5 जानेवारी 1527 रोजी त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिम्माट नदीत बुडवून मारलं. मारणारं सरकार आपल्या बाजूचं, प्रोटेस्टंट. पाण्यावरून माणूस पाण्यात बुडवला. म्हणून, बाळाच्या बाप्तिस्म्याची बाजू मी घेत असलो तरी ती फार छाती काढून घेत नाही.

पाणी किती, हाही वाद जुनाच. 'दिदाखे' नावाची एक छोटी पुस्तिका आहे, साधारण पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची. तिच्यात सांगितलंय की वाहत्या पाण्यात बाप्तिस्मा द्या. नसेल तर दुसऱ्या पाण्यात. गार नसेल तर कोमट. आणि दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. ज्याने हे लिहिलं त्याने दुष्काळी मुलूख पाहिला असावा. आमच्या पारनेर-पाथर्डीत मे महिन्यात बुडवायचं म्हटलं तर टँकर मागवावा लागतो.

आता हे पंथ आपल्याकडे आले कसे ते बघ, म्हणजे सासूबाईंचं आणि आजीचं दोघींचं उत्तर मिळेल. वसई 1534 साली पोर्तुगीजांकडे गेली आणि चिमाजी अप्पांनी 1739 साली घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिली. त्या दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन आणि जेझुइट या कॅथलिक धर्मसंघांचे लोक तिथे होते. तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचे पूर्वज तेव्हापासूनचे. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर मेला. आपल्या नगरकडे मिशन आलं ते त्याच्याही पुढे सव्वादोनशे वर्षांनी. अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले आणि 1831 साली अहमदनगरला ठाणं पडलं. ते काँग्रिगेशनल पद्धतीचे, म्हणजे प्रत्येक गावची मंडळी आपला कारभार आपणच बघणार. नाशिककडे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे), कोल्हापूरकडे अमेरिकन प्रेस्बिटेरियन, नागपूरला स्कॉटिश, डहाणू-पालघरला ब्रदरन, सगळे प्रोटेस्टंटच. मिशनांनी आपापसात मुलूख वाटून घेतले होते, एकमेकांच्या हद्दीत शिरायचं नाही असा समजूतदार करार. तेव्हा तुझे खापरपणजोबा काही काँग्रिगेशनल तत्त्वं वाचून, तोलून-मापून काँग्रिगेशनल झाले नव्हते. त्यांच्या गावच्या रस्त्याने ज्या मिशनची बैलगाडी आली त्या मिशनचे ते झाले. वीस-पंचवीस कोस पश्चिमेला जन्मले असते तर अँग्लिकन झाले असते आणि तुझी आजी आज तितक्याच जोराने अँग्लिकन असती.

हे कळल्यावर पंथाचा ताठा जरा उतरतो. निदान माझा उतरला.

आणि बरेचसे पंथ एकत्र आलेसुद्धा. 1929 पासून बोलणी चालली होती, ती 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला पूर्ण झाली आणि सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल होते, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट होते, आणि बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स हेही होते. म्हणजे बाळाला शिंपडणारे आणि मोठ्यालाच बुडवणारे एकाच घरात. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट ऐनवेळी बाहेर राहिले. चाळीस वर्षं बसून जे ठरलं त्यात हे होतं की दोन्ही रीती चालतील आणि एकाने दुसऱ्याच्या बाप्तिस्म्याला खोटं म्हणायचं नाही. कागदावर हे सुरेख झालं. पुढे मालमत्तेवरून कोर्टात किती खेटे झाले ते मी इथे लिहीत नाही. तुझ्या आजीला सगळं माहीत असेल.

आता माझी कबुली.

मी तिशीत होतो, मुळा नदीकाठच्या एका पॅस्टोरेटवर, म्हणजे पाळकाच्या हाती दिलेल्या मंडळीवर. एक म्हातारी होती, विधवा, दुसऱ्याच्या शेतात खुरपायला जाणारी. फिरत्या उपदेशकाची प्रार्थना सभा झाली, तिचा कित्येक वर्षांचा दम्याचा त्रास तिथे कमी झाला असं तिला वाटलं, आणि तिनं कालव्यात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडीलजनांची बैठक बसली. मी नवा, कडक, नियमाचा पक्का. प्रभुभोजनास (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीस) पात्र असलेल्यांच्या यादीत तिच्या नावावर मी तांबड्या शाईनं रेघ मारली. पट्टी लावून मारली, हेही आठवतं.

आमच्या बायका स्वयंपाकाला पीठ काढताना मूठभर धान्य देवासाठी बाजूला टाकतात, महिन्याला ते देवळात (चर्चमध्ये) येतं. म्हातारीची बाजरी दर महिन्याला येत राहिली. लहान पिशवी, तोंडाला चिंधी बांधलेली. पाच-सहा महिन्यांनी खजिनदार, साधा प्राथमिक शिक्षक, माझ्याकडे दोन वह्या घेऊन आला. एका वहीत जमेला तिची बाजरी, तिच्या नावासकट. दुसरीत तिच्या नावावर रेघ. म्हणाला, "पाळकसाहेब, वर्षाचा हिशेब लिहायचाय. ही बाई आपली धरायची का परकी? परकी असंल तर बाजरी परत द्यावी लागंल." तो माणूस टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच वह्या जुळवायच्या होत्या.

मी त्या रात्री बराच वेळ बसलो आणि दुसऱ्या दिवशी रेघेखाली तिचं नाव निळ्या शाईनं परत लिहिलं. वडीलजनांना न विचारता. तिला जाऊन सांगितलं तेव्हा कळलं की रेघ मारलेली तिला माहीतच नव्हती. महिन्याच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तिला खुरपणीचं काम असायचं म्हणून ती येत नव्हती, आणि मी समजत होतो की ती शिस्त पाळतेय.

तिचं पुन्हा पाण्यात उतरणं मला आजही बरोबर वाटत नाही. पण बाप्तिस्म्याबद्दलची तिची चूक आणि ख्रिस्ताशी असलेलं तिचं नातं या दोन वेगळ्या वह्या आहेत, हे मला धर्मशास्त्राच्या कॉलेजात नाही, त्या खजिनदाराकडून कळलं.

तुझ्या मैत्रिणींच्या म्हणण्यात खरं काय आहे तेही सांगायला हवं, नाहीतर तू म्हणशील म्हातारा आपल्याच घराची वकिली करतोय. खरं हे आहे: बाप्तिस्मा झाला म्हणजे माणूस जागा झाला असं नाही. आमच्या मंडळ्यांत अशी पुष्कळ माणसं आहेत ज्यांची नावं चार वह्यांत आहेत, बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न आणि मरण, आणि या चार दिवसांखेरीज देवळाशी संबंध नाताळच्या केकपुरता. पेंटेकॉस्टल मंडळी विचारतात, "तुझं तारण झालंय का?" प्रश्न उद्धट वाटतो, पण विचारण्याजोगा आहे. पंडिता रमाबाईंचंच बघ. त्यांचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडात वाँटेजला झाला, अँग्लिकन पद्धतीनं. पुढे त्यांनी स्वतः लिहिलं की तेव्हा मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला आणखी आठेक वर्षं गेली. 1905 साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जे जागरण झालं, शेकडो मुली रडत प्रार्थना करत होत्या, ते जगभरातले पेंटेकॉस्टल लोक आपल्या सुरुवातीच्या झऱ्यांपैकी एक मानतात. तुझ्या मैत्रिणींना सांग, तुमची गंगोत्री दौंडजवळ आहे.

याच रमाबाई वाँटेजच्या मठातल्या सिस्टर गेराल्डीनना, ज्यांना त्या पत्रांत आजीबाई म्हणत, पत्रांमागून पत्रं लिहून भांडत होत्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड महत्प्रयासानं उतरवून मी आले, आता दुसऱ्या तशाच जोखडाखाली मान द्यायची माझी तयारी नाही, असं त्यांनी कळवलं होतं. ख्रिस्ताला वाहिलेली बाई, पण कुठल्याच पंथाच्या चौकटीत न मावणारी. अँग्लिकनांना ती हट्टी वाटली. नारायण वामन टिळकांचंही काहीसं तसंच. 1895 साली बाप्तिस्मा, मग मिशनची सेवा, आणि 1917 साली मिशनमधून बाहेर पडून 'देवाचा दरबार'. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही ख्रिस्तभक्त त्यांना हवे होते. दोन वर्षांत ते गेले आणि तो प्रयोग राहून गेला. आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांना ही दोन नावं भाषणात लागतात, पण ही दोघं आज आमच्या एखाद्या पॅस्टोरेटला आली असती तर यादीत त्यांच्या नावावर कोणी तरी पट्टी लावली असती.

कॅथलिकांबद्दल थोडक्यात. मूर्तीपुढे गुडघे टेकणं आणि मूर्तीला देव मानणं यात त्यांची मंडळी 787 सालच्या निकायाच्या सभेपासून फरक करते. तो फरक वसईच्या प्रत्येक घरात पाळला जातो असं मी म्हणणार नाही, जसं आमच्याकडे पुलपिटवरच्या बायबलला पाठ लागली तर दचकणारे लोक ते बायबल घरी उघडतात असं म्हणणार नाही. मरियेबद्दल मला त्यांचं सगळं पटत नाही. पण 1517 साली प्रोटेस्टंट चळवळ उघडणाऱ्या लूथरचा कॅथलिकांशी ज्या मुद्द्यावर मुख्य वाद झाला, देवापुढे माणूस नीतिमान ठरतो तो कशानं, त्यावरच्या संयुक्त घोषणेवर 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गला लूथरन आणि कॅथलिक यांनी एकत्र सही केली. पुढे मेथडिस्टही त्यात आले. सासूबाईंसाठी एक गोष्ट: त्यांच्याच दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1964 साली म्हटलंय की ख्रिस्तावर विश्वास ठेवून रीतसर बाप्तिस्मा घेतलेल्यांना भाऊबहीण मानावं. म्हणजे त्यांच्या घरी तू बाहेरची म्हणून जाणार नाहीस. त्यांना हे फादरांकडून ऐकू दे. सुनेनं सांगायची ही गोष्ट नव्हे.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, म्हणजे खरा ख्रिस्ती तो ज्याचा त्रिएक देवाच्या नावानं बाप्तिस्मा झाला. मीही असंच म्हणायचो. मग मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) आडवी येते. आपल्या जिल्ह्यात मुक्तिफौजेची किती घरं आहेत तुला माहीत आहे. ते बाप्तिस्मा देत नाहीत. प्रभुभोजनही करत नाहीत. संस्थापक विल्यम बूथ यांनी 1883 सालीच ते बाजूला ठेवलं. झेंड्याखाली उभं राहून शपथ घेतात आणि सैनिक होतात. आता नियमाप्रमाणे यांना काय म्हणायचं? नगरच्या बूथ हॉस्पिटलात जो जन्मला, ज्याची आई तिथे वाचली, त्याला जाऊन सांग की ही मंडळी ख्रिस्ती नव्हेत. मी सांगायला जाणार नाही. माझ्या नियमात त्यांच्यासाठी जागा नाही; तेव्हा भोक नियमाला आहे असं मी धरून चालतो.

मग काहीच हद्द नाही का? आहे. 325 साली निकायाला आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपलला जो मतांगीकार (श्रद्धेचा जाहीर कबुलीजबाब) ठरला, येशू हा देवाचा पुत्र, पित्याशी एकच तत्त्व असलेला, तो कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, सीएनआय, लूथरन असे सगळे म्हणतात. बाप्टिस्ट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल तो उपासनेत म्हणत नसले तरी मानतात तेच. यहोवाचे साक्षीदार ते नाकारतात. मॉर्मन लोक बाप्तिस्म्यात पिता, पुत्र, पवित्र आत्मा हेच शब्द वापरतात पण अर्थ वेगळा घेतात, म्हणून त्यांचा बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी मानत नाही. ही हद्द शिकवणुकीची आहे आणि ती असायला हवी, नाहीतर शब्दाला अर्थच उरणार नाही. पण शिकवणुकीच्या हद्दीबाहेरचा माणूस माझ्यापेक्षा चांगला असू शकतो, हे मान्य करायला मला मतांगीकार सोडावा लागत नाही.

आणि प्रभूची स्वतःची कसोटी वेगळीच आहे. मत्तयाच्या सातव्या अध्यायात लोक येऊन म्हणतात, आम्ही तुझ्या नावानं संदेश दिले, भुतं काढली, महत्कृत्यं केली. आणि तो म्हणतो, मी तुम्हाला ओळखत नाही. पंचविसाव्यात ज्यांना घेतो त्यांना कळतही नाही की आपण त्याला कधी जेवू घातलं. दोन्ही ठिकाणी बाप्तिस्म्याचा दाखला कोणी मागत नाही. तेराव्यात गव्हातलं निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धनी थांबवतो, कारण निदण उपटताना गहूही उपटला जाईल. ज्यानं खुरपणी केलीय त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. वीतभर असताना दोन्ही सारखीच दिसतात.

एक गोष्ट मात्र मी तुला विचारणार आहे आणि ती तू घरात विचार. तुझ्या घरच्यांना अडतंय ते तो कॅथलिक आहे म्हणून, की त्याची जात कोणती आणि आपली कोणती म्हणून? वसईला सामवेदी, वाडवळ, कोळी अशी कॅथलिकांची घराणी आहेत. त्यांच्या आपापसातल्या सोयरिकींबद्दल तिथल्या जुन्या लोकांना विचार. गोव्यात बामण आणि चारडो कॅथलिकांच्या 'कॉन्फ्रारिया' (चर्चमधली बंधुमंडळं) वेगळ्या असत, कोणत्या सणाला कोणता झगा कोणी घालायचा यावरून दावे झालेत. आणि आम्ही प्रोटेस्टंट? स्थळ आलं की "पूर्वाश्रमीचे कोण?" हा प्रश्न चहाच्या आधी विचारतो. चाळीस वर्षांत जितकी लग्नं मोडताना पाहिली, त्यांत 'पंथ' हे कारण सांगितलं गेलं तेव्हा अर्ध्याहून जास्त वेळा आत दुसरंच होतं. करिंथच्या मंडळीत श्रीमंत लवकर येऊन जेवून घेत आणि मजूर कामावरून येईतो काही उरत नसे. पौलाने त्यांना सांगितलं, हे जे तुम्ही खाता ते प्रभूचं भोजन नव्हेच. भाकर खरी होती, द्राक्षारस खरा होता, म्हणायचे शब्दही खरे असतील. 'खरं नव्हे' हा शेरा पौलाने ज्या गोष्टीवर मारला ती पंक्ती होती. पाणी किती खोल, यावर त्याने कुठेच ओळ खर्च केलेली नाही.

आता लग्नाचं कामकाज, कारण ते तुला लागणारच आहे. वसईचे फादर तुझ्याकडे बाप्तिस्म्याचा दाखला मागतील. सीएनआयचा बाप्तिस्मा ते मान्य करतात. तुला पुन्हा देणार नाहीत, त्यांच्या कॅनन लॉमध्येच तसं आहे. मिश्र विवाहासाठी त्यांच्या बिशपांची परवानगी लागते, ती फादर काढतात. मुलाला वचन द्यावं लागेल की मुलाबाळांचा बाप्तिस्मा आणि संगोपन कॅथलिक मंडळीत व्हावं म्हणून तो शक्य ते सगळं करील. तुझ्याकडून वचन घेत नाहीत, पण त्यानं काय वचन दिलं ते तुला सांगितलेलं असावं लागतं. हे दोघांनी आत्ता बसून बोला, साखरपुड्यानंतर नाही. मिस्सेत, म्हणजे त्यांच्या उपासनेत, प्रभुभोजनाचा ख्रिस्तप्रसाद तुला मिळणार नाही. आमच्या मेजावर त्याला मनाई नाही, पण त्याची मंडळी त्याला तो घेऊ देत नाही. हे दुखेल. दर रविवारी दुखेल. गोड बोलून मी ते झाकणार नाही. एकाच प्रभूच्या नावानं वेगवेगळ्या रांगेत बसणं हे या विषयातलं सगळ्यात खरं दुःख आहे आणि तुम्ही दोघं ते घरात घेऊन राहणार आहात. पुन्हा बाप्तिस्मा घेतलास तर त्यातलं काहीच सुटणार नाही, उलट फादरांच्या टेबलावर दोन तारखांचा घोळ होईल.

दाखल्यासाठी आत्ताच गावी जा. तुझ्या गावचं बाप्तिस्म्याचं रजिस्टर पॅस्टोरेटच्या कपाटात असेल. आधारवरचं नाव आणि रजिस्टरमधलं नाव ताडून बघ. आमच्या वेळच्या पाळकांनी, माझ्यासकट, नावं ऐकू येतील तशी लिहिलीत. रजिस्टर सापडलं नाही, किंवा त्या पानाला वाळवी लागली असेल, तरी घाबरू नकोस. कॅथलिक कायद्यात तरतूद आहे: कोणाचं नुकसान होत नसेल तर बाप्तिस्मा झाल्याची एका विश्वासू साक्षीदाराची साक्षही चालते.

तुझ्या बाबतीत ती साक्ष देऊ शकणारी एक बाई घरातच आहे. तुला हातात धरून पाळकाकडे कोणी दिलं होतं, ते आजीला विचार. पाणी पडल्यावर तू रडलीस का, तेही विचार. मग तिला घेऊन वसईला जा आणि फादरांपुढे बसव. ते लिहून घेतील, ती अंगठा देईल नाहीतर सही करील, आणि परतताना एसटीत तुला दोन तास सांगेल की कॅथलिक कसे चुकलेत.